ओळखपत्रावरचं तोंड

माझी माय ऊस तोडायला जाताना पावडर लावते. कॉलेजात एका मैत्रिणीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिने विचारलं की ऊन लागू नये म्हणून लावत असतील का. मी हो म्हणून टाकलं. खरं कारण सांगायला मला तेव्हा लाज वाटायची.

चौथीपर्यंत मी मायबरोबर आणि दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, कारखान्यावर जायची, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांपुढचं आहे. पहाटे टोळी निघायची. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं, म्हणून बायका साडीवरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायच्या आणि डोक्याला फडकं बांधायच्या. मायही तसंच करायची. पण त्याआधी ती ट्रॅक्टरच्या बाजूच्या आरशासमोर उभी राहायची. कमरेच्या पिशवीतून स्टीलची डबी काढायची, तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि आदल्या दिवशीच्या बाजारातून आणलेली असली तर ओठांना लाली. तिच्या उंचीला जमावा म्हणून ती आरसा खाली वळवायची. ड्रायव्हर रोज तो परत वर करायचा आणि रोज पुटपुटायचा.

टोळी जमवणारा मुकादम एकदा चिडला. त्याने ड्रायव्हरला आरसा मिटूनच ठेवायला सांगितलं. त्या दिवशी माय आरशाशिवाय तयार झाली, काजळ गालापर्यंत आलं, आणि ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. दादांनी मुकादमाला बाजूला घेऊन सांगितलं की ती नटल्याबिगर तिच्या कोयत्याला धार चढत न्हाई, तुमचंच नुकसान हाय. दुसऱ्या दिवशी आरसा उघडा होता.

बायका विचारायच्या की ऊस तोडायला चाललीस का लग्नाला. माय म्हणायची, ऊसच तोडायचा, पर रस्त्यानं तर जायचंय ना. एकदोघी तर पुढे पुढे गुपचूप तिच्याच डबीत बोट बुडवायला लागल्या.

पाचवीपासून मला हंगामी वसतिगृहात ठेवलं, आणि तिथे माझं मायच्या उलट सुरू झालं. आमचे एक सर होते. ते आठवड्यातून दोनदा तरी साधी राहणी, उच्च विचार असं म्हणायचे. मला ते फार पटलं. राहणी घरात आयतीच साधी होती, विचारांचं तेवढं बघायचं होतं. मी वेणीला रिबन लावायची बंद केली, मग टिकली, मग बांगड्या. बारावीला आले तोवर हुशार मुलगी आरशात बघत नाही अशी माझी ठाम समजूत झाली होती. भांग न बघता पाडायची, आणि तो वाकडा आला की मला उलट बरं वाटायचं.

मायला हे बघवत नसे. मी सुट्टीला घरी आले की ती माझ्या तोंडाकडे बघून सुस्कारा टाकायची. धुतलेल्या ताटावानी तोंड घेऊन कावून, म्हणजे कशाला, हिंडती, असं विचारायची. कुणी गेलेलं नसताना घरात सुतकी चेहरा नको म्हणायची. मी तिला सांगायची की माणसाची किंमत तोंडावरून होत नाही. ती म्हणायची, तुला ती करायची न्हाई, लोकायला करायचीय. मग आम्ही दोघी दिवसभर अबोला धरायचो आणि दादा मधल्या मधे चहा करायचे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला परळीला होते तेव्हाची गोष्ट. गावात निरोप आला की ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं मिळणार आहेत, ग्रामपंचायतीत शिबिर आहे, आधार कार्ड घेऊन या, फोटो तिथेच काढतील. देवळाच्या भोंग्यावरून तीनदा पुकारलं. मायने त्यातला एकच शब्द ऐकला, तो म्हणजे फोटो.

ह्याला कारण होतं तिचं आधार कार्ड. ते काढलं त्या दिवशी ती कापूस वेचून तशीच आली होती, अंगात दादांचा शर्ट, केसांत सरकीचे तुकडे, आणि डोळे मिटता मिटता बटण दाबलं गेलं. पोलिस जिचा शोध घेतायत अशा बाईसारखा तो फोटो होता. माय ते कार्ड कायम पालथं ठेवायची. बँकेत द्यायची वेळ आली तर पालथंच द्यायची आणि मॅनेजरने उलटलं की दुसरीकडे बघायची. तेव्हा सरकारकडे आपला एक तरी धड फोटो असावा ही तिची फार वर्षांची इच्छा होती.

शिबिराच्या आदल्या दिवशी ती सिरसाळ्याच्या बाजारात गेली आणि कटलरीच्या दुकानातून लालीची नवी कांडी आणि बिंदीचं पाकीट घेऊन आली. मला कॉलेज बुडवायला लावलं, कारण तिला तयार व्हायला वेळ लागणार होता आणि तोवर रांगेत कुणीतरी उभं राहायला पाहिजे होतं. मी सकाळी अंगण सारवलं होतं. हातपाय धुऊन, त्याच पंजाबी ड्रेसवर, तिची कागदं घेऊन रांगेत उभी राहिले.

पुढे फार वेळाने माय आली. भाचीच्या लग्नात घेतलेली जांभळी काठपदराची साडी, नाकात मोरणी, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, पायांत चपला नव्हे तर सँडल. तोंड सगळं व्यवस्थित. ती रांगेकडे येत होती, पण मधेच ग्रामसेवक उठून उभा राहिला. तो नवीन होता, बदलून येऊन त्याला पंधरा दिवस झाले असतील, गावात कोण कोण आहे हे त्याला कळायचं होतं. त्याने मायला नमस्कार केला, स्वतःशेजारची खुर्ची पुसून दिली आणि चहा सांगितला.

मायने मला नंतर सांगितलं की तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. ज्याचं माणूस रांगेत उभं आहे त्याला बसायला खुर्ची मिळत असेल, असं तिला वाटलं. तिने चहा घेतला. ग्रामसेवकाने अदबीने विचारलं की मॅडम, काम कसं वाटतंय. माय म्हणाली, चांगलं हाय, पर लाईन लई हळू हाय.

त्याचा परिणाम ताबडतोब झाला. ग्रामसेवकाने फोटो काढणाऱ्या ऑपरेटरकडे नुसतं बघितलं, आणि तोवर एकेकाशी गप्पा मारत बसलेला तो माणूस मशिनीसारखा कामाला लागला. कार्ड घे, नंबर टाक, फोटो, पुढचा. रांग झरझर सरकली. मी पुढे आले तेव्हा त्याने माझ्या हातातलं आधार ओढून घेतलं, नंबर टाकला, परत दिलं आणि म्हणाला की छातीशी धरा. मला वाटलं त्याला कार्डाचा फोटो पाहिजे. मी कार्ड धरलं आणि सांगायला लागले की मायचा फोटो काढायचाय, ती तिकडे बसलीय. त्यातलं ‘मा’ एवढंच झालं होतं. त्याने बटण दाबलं आणि मला हाताने बाजूला केलं. कार्डावरचा चेहरा आणि माझा चेहरा जुळतो का हे त्याने बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी त्या फोटोशी कुणाचाही चेहरा जुळला असता.

मधे एकदा त्याने मोबाईल मायकडे रोखून तिचा आणि ग्रामसेवकाचा फोटो काढलेला मी बघितला. मायनेही बघितला. पदर नीट करून तिने मान थोडी तिरकी धरली. शिबिर संपल्यावर तिने विचारलं की माझं झालं का. ऑपरेटरने यादीत नाव बघितलं आणि झालं म्हणून सांगितलं. वाटेत ती खुशीत होती. बसल्या बसल्या काढला, चहा बी पाजला, असं तिने भेटेल त्या बाईला सांगितलं. मला थोडी शंका आली होती. पण तिचा चेहरा बघून मी गप्प बसले.

महिन्याभराने कार्डं आली. दादा आमच्या आळीची सगळी घेऊन आले आणि ओट्यावर बसून एकेक वाटायला लागले. मायचं कार्ड हातात आल्यावर ते थांबले. त्यांनी ते जरा लांब धरलं, मग जवळ घेतलं.

“ही तर मपली पोरगी हाय की,” ते म्हणाले.

कार्डावर नाव मायचं, जन्मतारीख मायची, आणि तोंड माझं. अर्धवट उघडलेलं, वाकडा भांग, कपाळाला सारवणाचा एक ठिपका. मला आजवर वाटायचं की माझ्या साध्या चेहऱ्यावरून विचार दिसत असतील. कार्डावर विचाराचा पत्ता नव्हता. एक पाळी करून न झोपताच दुसऱ्या पाळीला निघालेल्या बाईसारखी मी दिसत होते. आळीतल्या बायका ते कार्ड हातोहात फिरवत होत्या आणि एकजण तर म्हणाली की फोटो लई खरा आलाय, डोळ्यापुढं कारखाना उभा राहतो.

माय हसली नाही. तिने कार्ड घेतलं, बघितलं आणि आत जाऊन आधार कार्डाशेजारी पालथं ठेवलं. दादा म्हणाले की राहू दे, तपासायला कोण येतंय. ग्रामसेवकानेही तेच सांगितलं. एव्हाना मॅडम कोण हे त्याला कळलं होतं, म्हणून तो जरा ओशाळला होता. म्हणाला, असू द्या मावशी, कोण बघतंय.

“मी बघते,” माय म्हणाली.

म्हणून सोमवारी आम्ही दोघी तालुक्याच्या गावी गेलो. मायने तीच साडी नेसली. एसटीत वाऱ्याने पावडर जाऊ नये म्हणून तिने खिडकीची जागा मला दिली. मी कॉलेजच्याच ड्रेसवर होते. हापिसात आम्हाला ज्या टेबलाकडे पाठवलं तिथे पन्नाशीचे एक क्लार्क बसले होते. केस काळेभोर, शर्टाच्या खिशात कंगवा, गळ्यात लाल पट्ट्याला अडकवलेलं ओळखपत्र. त्यांनी माझ्या हातातलं कार्ड बघितलं, मला बघितलं, मग मायला बघितलं आणि ते उठून उभे राहिले. म्हणाले की मॅडम, तुम्ही मुलीला स्वतः घेऊन आलात हे फार बरं केलं, ह्या लोकांना एकट्याने काही जमत नाही. मग माझ्याकडे वळून, जरा मोठ्याने आणि सावकाश, त्यांनी विचारलं की तुला सही येते का.

मी बी.एस्सी.ला होते आणि मला दोन भाषांत सही येत होती. पण मला इतका राग आला की तोंडातून शब्द फुटेना, आणि त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. ते अंगठ्याचं पॅड शोधायला लागले.

मायने त्यांना सांगितलं की कार्ड तिचं आहे, ही तिची मुलगी आहे, फोटो चुकलाय. क्लार्कना ते पटलं नाही. त्यांनी कपाटातून आमच्या गावची फाईल काढली आणि त्यातला एक कागद टेबलावर ठेवला. शिबिराचा अहवाल होता. त्यावर खुर्चीत बसलेल्या मायचा फोटो, मान तिरकी, हातात कपबशी, आणि खाली छापलं होतं, शिबिरास भेट देताना मान्यवर महिला. फोटो चांगलाच आला होता. माय वाकून तो बराच वेळ बघत राहिली.

“तुमी ऊस तोडता?” क्लार्कनी विचारलं.

माय म्हणाली की अठरा वर्षं झाली.

“वाटत न्हाई.”

एरवी कुणी तिला असं म्हटलं असतं तर ती महिनाभर ते सांगत फिरली असती. आत्ताही क्षणभर ती खूश झालेली मला दिसली. मग ह्याच शब्दामुळे आपलं काम अडलंय हे तिच्या लक्षात आलं. क्लार्क समजुतीने सांगत होते की फोटो बदलून देतो, अडचण नाही, पण असा नको, जरा साधा आणा, कामाच्या कपड्यातला. वरून कुणी तपासायला आलं तर बाई ऊसतोडीची आहे हे बघताक्षणी पटलं पाहिजे.

माय त्यांच्या गळ्यातलं कार्ड बघत होती. मग अगदी सहज, बाजारात भाव विचारावा तशी, तिने विचारलं की साहेब, ह्याच्यावरचा फोटो कधीचा. मागच्या वर्षीचा, ते म्हणाले.

“तवा बी कलप लावलता का?”

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान रजिस्टरमध्ये घातली. साहेबांचा हात आपोआप कानामागे गेला, तिथे पांढरी मुळं दिसत होती.

“तुमी कलप लावून बी हापिसातले साहेबच राहता,” माय म्हणाली. “मंग मी पावडर लावून ऊसतोडीची कावून राहत न्हाई?”

ती भांडायला नव्हती आली, तिला खरंच उत्तर पाहिजे होतं. साहेबांनी थोडा विचार केलेला दिसला. मग ते “बसा” म्हणाले, आणि आतून ऑपरेटरला बोलावलं. तो शिबिरातलाच निघाला. मायला बघून त्याने आधी नमस्कार केला आणि मग साहेबांनी खरं काय ते सांगितल्यावर माझ्याकडे बघून जीभ चावली.

भिंतीपाशी उभं राहायच्या आधी मायने दोन मिनिटं मागून घेतली. फायलींच्या कपाटाच्या काचेसमोर उभी राहून तिने पावडर सारखी केली, काजळ पुसून पुन्हा घातलं, लाली लावून ओठ एकमेकांवर दाबले. हापिसातली सगळी कामं तेवढा वेळ थांबली होती. साहेबांचा फोटो निघणार नव्हता, तरी त्यांनीही कंगवा काढून केसांवरून फिरवला. ऑपरेटर म्हणाला की हसायचं नसतं. माय हसली नाही, पण मान तिरकी व्हायची ती झालीच, आणि त्याला ती दोनदा सरळ करावी लागली.

जुनं कार्ड साहेबांनी आमच्यासमोर कात्रीने कापलं. कात्री माझ्या कपाळावरून गेली. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

नवीन कार्ड येईपर्यंत टोळी कारखान्यावर गेली होती. ते माझ्या हातात आलं. मी त्याचा फोटो काढून दादांच्या मोबाईलवर पाठवला. छपाईत लाली काळी पडली होती आणि माय नुकतीच जांभळं खाऊन आल्यासारखी दिसत होती. मला वाटलं ती पुन्हा तालुक्याला निघेल. पण दादांनी फोनवर सांगितलं की तिने सगळ्या टोळीला दाखवलं, मशिनची शाई वाईट होती, तोंडाचा दोष नाही, असंही सगळ्यांना सांगितलं, आणि मुकादम म्हणाला की आता हिच्या पावडरीला सरकारी मंजुरी मिळाली, आरशाबद्दल बोलायची सोय राहिली नाही. त्या हंगामात ते कार्ड कुणी एकदाही मागितलं नाही. मायने स्वतःहूनच काढून दाखवलं असेल तेवढंच.

पुढे मी लॅबचा कोर्स केला आणि बीडला रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले. तिथे असताना चौसाळ्याकडचं एक स्थळ आलं. बघायला येणार त्या दिवशी मायने डबी काढली आणि मी नको म्हटलं. कार्डाच्या प्रकरणाने मी सुधारले असेन असं कुणाला वाटलं असेल, पण एवढ्याने माणूस सुधारत नाही. मी कामावरच्या साध्या ड्रेसवर, तोंड धुऊन, पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलाची आत्या माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाली की मुलगी अगदी साधी आहे हो, नटायची हौस दिसत नाही.

दादा मान डोलावणार होते. पण माय दारातून म्हणाली, “साधी कशाची, आळशी हाय. येत न्हाई तिला.”

आत्याने पोह्याचा घास तसाच धरून ठेवला. मी जमिनीकडे बघत होते, आणि कुणीतरी हसलं म्हणून वर बघितलं तर तो मुलगा हसत होता, तोंडावर रुमाल धरून. मला त्याचा राग यायला हवा होता. मला मायचा राग आला, कारण ती खरं बोलली होती. न बघता भांग पाडणं हा माझा विचार नव्हता, मला काजळाची रेघ सरळ काढता येत नव्हती एवढंच होतं. येत नाही म्हणायला लाज वाटते, नको म्हणायला वाटत नाही.

लग्न त्याच मुलाशी झालं. लग्नादिवशी सिरसाळ्याहून पार्लरवाली बाई आली. तिने माझ्या तोंडावर थरावर थर दिले. मायने शेजारी उभं राहून सगळं बारकाईने बघितलं आणि शेवटी तिला सांगितलं की हे लई झालं, पोरगी भिंतीवानी दिसायली. मग पदराचं टोक ओलं करून तिने निम्मं पुसलं आणि राहिलेल्यावर आपल्या डबीतली पावडर फिरवली. पार्लरवाली रुसून बसली. मी आरशात बघितलं, आणि नथ नीट बसलीय का बघायच्या निमित्ताने आणखी तीनदा बघितलं.

हल्ली मी लॅबमध्ये कधी कधी काजळ घालून जाते. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं की आज काही कार्यक्रम आहे का. मी नाही म्हटलं. नवऱ्याने विचारलं की रात्री झोप झाली नाही का. डावी रेघ अजून वाकडी येते. मागच्या महिन्यात माय दोन दिवस राहायला आली तेव्हा तिने हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं, बोटाने ती रेघ पुसली आणि म्हणाली की डोळा मिटू नको, हात हलतो.